विश्लेषण : स्पर्धेसाठी .२२ पिस्तूल निवडताना काय पाहावे? आणि होल्स्टर लागते का?

मढमध्ये कोणी ‘शूटिंग सुरू आहे’ म्हटले, तर समोरचा माणूस व्हॅनिटी व्हॅन कुठे उभ्या आहेत ते विचारतो. किल्ल्याचा परिसर, बंगले आणि किनारा यांना चित्रपट-मालिकांची इतकी सवय झाली आहे, की तिथल्या मुलांनी पाहिलेले पहिले पिस्तूल बहुधा नकली असते आणि ते एखाद्या नटाच्या कमरेच्या होल्स्टरमध्ये असते. पॅरिस ऑलिम्पिकमध्ये २०२४ साली भारताला मिळालेल्या सहा पदकांपैकी तीन नेमबाजीतली होती. त्यातले एक कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेने रायफलमध्ये मिळवले, तर पिस्तुलातल्या दोन पदकांत मनू भाकरचे नाव होते. या यशानंतर ‘शूटिंग’चा दुसरा अर्थही घरोघरी पोहोचला. मात्र पिस्तूल घेण्याचा विचार सुरू झाला की डोळ्यांसमोर येते ते सिनेमातले किंवा अमेरिकी व्हिडिओंतले चित्र. चुकीची खरेदी तिथूनच सुरू होते. असे पिस्तूल स्पर्धेत चालत नाही, होल्स्टर कामाला येत नाही आणि कायद्याच्या दृष्टीने अंगावर जबाबदारी मात्र येते.

रिमफायर म्हणजे काय?

पितळी काडतुसाच्या बुडाला बाहेर आलेली एक कड असते. मोठ्या बोअरच्या काडतुसांत ठिणगी देणारी टोपी बुडाच्या मध्यभागी बसवलेली असते. रिमफायरमध्ये वेगळी टोपी नसते. ठिणगी देणारे रसायन त्या पोकळ कडेतच पसरलेले असते आणि पिस्तुलाची पिन त्या कडेवर आपटते. स्पर्धांमध्ये वापरले जाणारे ‘.२२ लाँग रायफल’ हे काडतूस याच जातीचे. त्याची शिशाची गोळी साधारण अडीच ग्रॅमची असते, झटका कमी बसतो, आवाज तुलनेने सौम्य असतो आणि काडतूस मोठ्या बोअरपेक्षा स्वस्त पडते. नेमबाजाला वर्षभरात हजारो गोळ्या झाडाव्या लागतात, त्यामुळे हे हिशेब महत्त्वाचे ठरतात.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी, असा अर्थ काढणे मात्र घातक आहे. .२२ ची गोळी योग्य कोनात सुटली तर दीड-दोन किलोमीटर जाऊ शकते. काही काडतुसांच्या डब्यांवर दीड मैलापर्यंतच्या धोक्याची सूचना छापलेली असते. माणसाचा जीव घ्यायला तिला एवढे अंतरही लागत नाही.

रिमफायरच्या दोन खोडी खरेदीआधीच माहीत असलेल्या बऱ्या. पहिली, कडेतले रसायन सगळीकडे सारखे पसरलेले नसेल तर काडतूस कधी कधी पेटत नाही किंवा क्षणभर उशिरा पेटते. म्हणून चाप ओढूनही आवाज आला नाही, तर नळी लक्ष्याकडेच धरून किमान अर्धा मिनिट थांबायचे आणि मोकळा हात वर करून रेंज अधिकाऱ्याला बोलवायचे. आवाज नेहमीपेक्षा फुसका आला, तर गोळी नळीत अडकली असण्याची शक्यता असते. त्यावर दुसरी गोळी झाडली की नळी फुगते किंवा फुटते. दुसरी खोडी सरावाची. रिकाम्या पिस्तुलाचा चाप ओढून घरी सराव करणे हा नेमबाजीचा अर्धा अभ्यास असतो, पण काही रिमफायर पिस्तुलांत पिन रिकाम्या कक्षाच्या कडेवर आदळते आणि कड चेपते. स्पर्धेच्या चांगल्या पिस्तुलांत कोऱ्या सरावाची वेगळी सोय असते. ती आहे का, हे विचारायला विसरू नये.

राही सरनोबतच्या खेळातून काय शिकता येते?

या खेळाचा सर्वात जवळचा धडा कोल्हापुरातच आहे. राही सरनोबतचा प्रकार २५ मीटर पिस्तूल, म्हणजेच .२२ रिमफायरचा. २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत या प्रकारात सुवर्ण मिळाले ते अनिसा सय्यदला आणि रौप्य राहीला. दोघीही महाराष्ट्राच्या मातीतल्या. २०१३ मध्ये कोरियातील चांगवॉनला राहीने विश्वचषकाचे सुवर्ण जिंकले. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत ती आणि थायलंडची खेळाडू अंतिम फेरीत ३४ गुणांवर बरोबरीत राहिल्या आणि दोन शूट-ऑफनंतर सुवर्णपदक राहीकडे आले. आशियाई स्पर्धेत वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला नेमबाज.

या प्रकारात पात्रता फेरीत ६० गोळ्या असतात. पहिल्या ३० निवांत, म्हणजे पाच गोळ्यांना पाच मिनिटे. पुढच्या ३० मध्ये लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद लपते. प्रत्येक वेळी हात खाली, ४५ अंशांवर ठेवून सुरुवात करायची आणि तीन सेकंदांत हात वर करून एक गोळी झाडायची. अंतिम फेरीत १०.२ किंवा त्याहून चांगला नेम लागला तरच तो ‘हिट’, नाहीतर शून्य. अशा खेळात पिस्तुलाने एकदा काडतूस अडकवले तर काय होते?

नियमांत त्याचे उत्तर आहे. बिघाड ‘मान्य’ ठरला तर ती मालिका नियमाप्रमाणे पुन्हा खेळायला किंवा पूर्ण करायला मिळते. पण सेफ्टी काढायला विसरलात, मॅगझिन नीट बसवले नाही किंवा अधिकारी येण्याआधी स्वतःच यंत्रणेत बोटे घातली, तर बिघाड अमान्य होतो आणि गुण जातात. पिस्तुलातला बिघाड किती महाग पडतो हे टोकियोत मनू भाकरच्या बाबतीत दिसले. ते एअर पिस्तूल होते, रिमफायर नव्हे, तरी दुरुस्तीत गेलेल्या मिनिटांचा ताण शेवटपर्यंत राहिला आणि ५७५ गुणांसह ती बाराव्या स्थानी थांबली. म्हणून अनुभवी प्रशिक्षक नेमकेपणाच्या आधी विश्वासार्हता पाहतात. नवशिक्याचा हात जेवढा हलतो, त्याच्या तुलनेत कोणतेही बरे पिस्तूल पुरेसे नेमकेच असते.

नियमात बसणारे पिस्तूल कोणते?

आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाचे, म्हणजे आयएसएसएफचे नियम भारतातील राष्ट्रीय रायफल संघटना (एनआरएआय) वापरते. २५ मीटरच्या रिमफायर प्रकारांसाठी पिस्तूल ३०० × १५० × ५० मिलिमीटरच्या पेटीत मावले पाहिजे. वजन १,४०० ग्रॅमपेक्षा जास्त नको. नळी १५३ मिलिमीटरपेक्षा लांब नको आणि पुढच्या-मागच्या साइटमधले अंतर २२० मिलिमीटरपेक्षा जास्त नको. साइट उघड्याच हव्यात. लाल ठिपक्याची इलेक्ट्रॉनिक साइट, दुर्बीण, नळीच्या तोंडाला झटका कमी करणारे जोड यांपैकी काहीही चालत नाही. मूठ मनगटाला आधार देणारी नसावी. चाप किमान १,००० ग्रॅम वजन पेलणारा हवा. ही शेवटची चाचणी अगदी साधी असते. पिस्तूल उभे धरून चापाला एक किलोचे वजन लटकवून उचलायचे. चाप सुटला तर पिस्तूल नापास.

इथेच इंटरनेटवरचा सल्ला आणि इथली गरज यांची फारकत होते. अमेरिकी चर्चांत रुगर मार्क ४ किंवा ब्राउनिंग बक मार्क यांची शिफारस सर्रास दिसते. ती दमदार, तुलनेने स्वस्त पिस्तुले आहेत. पण लाल ठिपका लावलेले पिस्तूल तिकडच्या लोखंडी पाट्यांच्या स्पर्धेत चालते, आयएसएसएफच्या रेंजवर नाही. मॉडेल आणि नळीची लांबी पाहिल्याशिवाय ते नियमात बसेल असे गृहीत धरता येत नाही. आंतरराष्ट्रीय रेंजवर दिसणारी नावे साधारण वेगळी असतात : इटलीचे पार्दिनी एसपी, जर्मनीचे वॉल्थर एसएसपी आणि फाइनवेर्कबाउ एडब्ल्यू ९३, मोरिनीचे सीएम २२. या पिस्तुलांत मॅगझिन मुठीत नसून चापाच्या पुढे असते. त्यामुळे मूठ हाताच्या मापाने घडवता येते, नळी हाताच्या जवळ, खालच्या पातळीवर बसते आणि झटक्याने तोंड कमी उसळते.

भारतातही .२२ बोअर बनतो. ईशापूरच्या कारखान्याचे ‘निडर’ हे .२२ रिव्हॉल्व्हर त्याचे उदाहरण. पण ते स्वसंरक्षणासाठी आहे. बोअर सारखा असला म्हणून ते स्पर्धेचे होत नाही.

मग निवड कशावर करायची? उत्तर ब्रँडमध्ये नाही, हातात आहे. रिकामे, तपासलेले पिस्तूल रेंजवर लक्ष्याच्या दिशेने धरायचे, डोळे मिटायचे, हात खाली-वर करायचा आणि डोळे उघडायचे. दोन्ही साइट आपोआप एका रेषेत आल्या तर मूठ जुळते. दर वेळी मनगट वळवावे लागत असेल, तर ती मूठ त्या हाताची नाही. चापावर बोटाच्या पहिल्या पेराचा मांसल भाग सरळ यायला हवा, बोट चौकटीला घासता कामा नये. डावखुऱ्यांनी डावी मूठ मिळते का हे आधीच पाहावे. वजनाचे गणितही वयाशी जुळवायचे असते. सव्वा किलोचे पिस्तूल दुकानात हलके वाटते. साठाव्या गोळीला ते वेगळेच वाटते. १५-१६ वर्षांच्या मुलीच्या खांद्याला ते झेपते का, हे पूर्ण मालिका खेळल्याशिवाय कळत नाही.

काडतुसांची जात हा विषय बहुतेक जण खरेदीनंतर विचारात घेतात. स्वयंचलित भरणीचे पिस्तूल प्रत्येक बनावटीच्या काडतुसावर सारखे चालत नाही. जास्त वेगाची काडतुसे स्पर्धेच्या पिस्तुलासाठी नसतात, त्यांनी यंत्रणेवर ताण येतो. आपल्याला नियमित जी काडतुसे मिळतात, त्यांवर ते पिस्तूल दोन-तीनशे गोळ्या न अडखळता चालते का, हा खरा कस.

होल्स्टर कोणते घ्यावे?

ऑलिम्पिक आणि आयएसएसएफच्या प्रकारांसाठी कोणतेही नाही. या खेळात कमरेवरून पिस्तूल उपसण्याची क्रियाच नाही. पिस्तूल बंद पेटीतून रेंजवर येते, अधिकाऱ्याने परवानगी दिल्यावर नळी लक्ष्याकडे ठेवून टेबलावर काढले जाते, कक्षात भडक रंगाचे सेफ्टी फ्लॅग घातलेले असते. ‘लोड’ची आज्ञा होईपर्यंत मॅगझिन आत जात नाही. नेमबाज टेबल सोडून जातो तेव्हा पिस्तूल तिथेच, उघडे आणि रिकामे राहते.

होल्स्टर लागते ते ‘प्रॅक्टिकल’ नेमबाजीत, म्हणजे आयपीएससीसारख्या स्पर्धांत, जिथे खेळाडू धावत लक्ष्ये टिपतो. त्या नियमांतून होल्स्टरच्या सुरक्षिततेबद्दल बरेच शिकता येते. होल्स्टरमध्ये असताना चापापर्यंत बोट पोहोचता कामा नये. पिस्तुलाच्या मुठीचा तळ पट्ट्याच्या वरच्या कडेपेक्षा खाली नसावा. नळीचे तोंड खेळाडूच्या पायांपासून एक मीटरपेक्षा लांब रोखलेले नसावे. काखेतले आणि मांडीला बांधायचे होल्स्टर चालत नाहीत. म्हणजे सिनेमात सर्वाधिक दिसणारे दोन्ही प्रकार बाद.

यामागची कारणे अपघातांच्या अनुभवातून आली आहेत. पिस्तूल उपसताना अपघात होतात तसे ते परत ठेवतानाही होतात. मऊ कापडी होल्स्टरचे तोंड मिटते, माणूस पिस्तुलानेच ते उघडायला जातो आणि कडेची घडी, शर्टाचे टोक किंवा जॅकेटची दोरी चापात अडकते. म्हणून होल्स्टर कडक असावे, रिकामे असतानाही तोंड उघडे राहावे, चापाचा सगळा भाग झाकला जावा आणि ते त्याच मॉडेलसाठी घडवलेले असावे. ‘सगळ्यांना बसणारे’ होल्स्टर कोणालाच नीट बसत नाही.

आणि एवढे सगळे पाळले तरी स्पर्धेचे .२२ पिस्तूल होल्स्टरमध्ये घालण्याची कल्पनाच चुकीची ठरते. त्याची मूठ हाताला वेढणारी आणि रुंद असते, मॅगझिन पुढे असते, चाप एक किलोवर सुटतो. होल्स्टरमधून वापरायच्या पिस्तुलांचे चाप सहसा याहून जड असतात. खुद्द अमेरिकेतल्या ‘स्टील चॅलेंज’ स्पर्धेत, जिथे मोठ्या बोअरचे खेळाडू होल्स्टरमधून सुरुवात करतात, रिमफायरवाल्यांना होल्स्टर लागत नाही. ते पिस्तूल हातात खाली धरून, समोर ठेवलेल्या खुणेवर रोखून सुरुवात करतात. तेव्हा होल्स्टरसाठी बाजूला ठेवलेले पैसे कुलूप लागणाऱ्या कडक पेटीवर, कानांच्या संरक्षणावर आणि न फुटणाऱ्या चष्म्यावर खर्च करावेत.

परवाना, आणि मढहून वरळी

.१७७ बोअरचे, २० ज्यूलपर्यंत ऊर्जेचे एअर पिस्तूल घ्यायला परवाना लागत नाही. म्हणून बहुतेक सगळे नेमबाज तिथून सुरुवात करतात आणि ती सुरुवात योग्यच आहे. .२२ पिस्तूल मात्र पूर्णपणे शस्त्र कायदा १९५९ च्या कक्षेत येते. मुंबईत परवाना देण्याचा अधिकार पोलीस आयुक्तांचा. परवान्यासाठी वय २१ लागते, त्याखालच्या खेळाडूंसाठी प्रशिक्षणाच्या वेगळ्या तरतुदी आहेत. २०१९ च्या दुरुस्तीने सामान्य परवानाधारकाची शस्त्रे तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनवरून पाच वर्षे केली. खेळाडूंचे नुकसान होऊ नये म्हणून केंद्रीय गृह मंत्रालयाने फेब्रुवारी २०२० मध्ये वेगळी मर्यादा जाहीर केली : उदयोन्मुख नेमबाजाला दोन, तर ‘नामांकित नेमबाजा’ला प्रकारांच्या संख्येनुसार आठ, दहा किंवा बारापर्यंत. नामांकित म्हणजे प्रसिद्ध नव्हे. राष्ट्रीय स्पर्धेत ठरावीक किमान गुण मिळवलेला, हा त्याचा अर्थ.

यातून एक अडचण उभी राहते. पिस्तूल परदेशी, किंमत काही लाखांत, आयातीची सवलत गुण मिळवलेल्यांना. आणि गुण मिळवायला सराव करायचा तर पिस्तूल हवे. क्लबचे पिस्तूल हाच यावरचा मार्ग. रेंजवर, देखरेखीखाली, क्लबच्या शस्त्रावर वर्ष-दोन वर्षे काढायची. काही जण यातून पळवाट शोधतात : एखादा ज्येष्ठ नेमबाज आपले पिस्तूल ‘आठवडाभर घरी ने’ म्हणून देतो. परवान्याशिवाय शस्त्र बाळगणे हा गंभीर गुन्हा आहे, आणि त्यात देणारा व घेणारा दोघेही अडकतात. जुने पिस्तूल विकत घेतानाही घेणाऱ्याचा परवाना आधी लागतो आणि विकणाऱ्याने किमान ४५ दिवस आधी प्रशासनाला किंवा पोलिसांना लेखी कळवावे लागते. रेंजवर झालेला तोंडी सौदा कागदावर उतरेपर्यंत सौदा नसतो.

मुंबई उपनगरातल्या नेमबाजाची आणखी एक डोकेदुखी म्हणजे अंतर. महाराष्ट्र रायफल असोसिएशनची रेंज वरळीला आहे. मढहून निघालेल्याला एकतर वर्सोव्याची फेरी गाठायची किंवा मार्वे रस्त्याने मालाडला वळसा घालायचा. फेरीत दुचाक्या, माशांच्या पाट्या आणि खांद्याला खांदा लावून उभी माणसे असतात. तिथे कमरेला होल्स्टर असणे म्हणजे काय, हे वेगळे सांगायला नको. पिस्तूल रिकामे, मॅगझिन रिकामी, पेटीला कुलूप, काडतुसे वेगळ्या कुलूपबंद डब्यात, सोबत परवाना आणि क्लबचे ओळखपत्र, आणि पेटी अशी की पाहणाऱ्याला आत काय आहे ते कळू नये. मेट्रोने जायचे तर सामानाची तपासणी होते, त्यामुळे नियम आधी विचारून घेतलेले बरे. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्रे जमा करण्याचे आदेश निघतात. स्पर्धांत उतरणाऱ्या एनआरएआय सदस्यांना त्यातून सूट दिली जाते, पण ती कागदपत्रे दाखवून मागावी लागते.

घरी आणल्यावर खाऱ्या वाऱ्याशी गाठ पडते. मढसारख्या ठिकाणी लोखंडी खिडकीला जे होते तेच निष्काळजीपणे ठेवलेल्या नळीला होते. फोमची पेटी ओलावा धरते, म्हणून पावसाळ्यात पिस्तूल महिनाभर पेटीत बंद ठेवू नये. पुसून, तेलाचा पातळ हात देऊन, ओलावा शोषणाऱ्या पुड्यांसह ते भिंतीला पक्क्या केलेल्या तिजोरीत ठेवावे आणि काडतुसे दुसऱ्या कुलपात. किल्ली कुठे असते हे घरातल्या मुलांना माहीत नसावे. रेंजवर निघण्यापूर्वी नळीतले तेल कोरड्या कापडाने पुसून काढायचे, आणि परतल्यावर जेवणाआधी साबणाने हात धुवायचे, कारण .२२ च्या प्रत्येक गोळीमागे थोडे शिसे बोटांवर आणि कपड्यांवर येते.